बॅरिकेड कुणाचं, मोर्चा कुणाचा?

मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरसाठी आम्ही बायका मोर्चा घेऊन तालुक्याच्या कचेरीवर गेलो. फाटकाच्या बरंच अलीकडे लोखंडी बॅरिकेड्स लावलेली. आमच्यातल्या एका आजींनी रिकामी कळशी त्यावर टेकवली आणि विचारलं, "हे बारिकेट कुणाच्या भ्यानं लावलंय गं? आमच्या?" सगळ्या हसलो. पण घरी भाकऱ्या थापताना तो प्रश्न डोक्यातून जाईना.

शब्दाचं मूळ शोधलं तर गंमतच निघाली. फ्रेंच भाषेत 'बारिक' म्हणजे दारू साठवायचं मोठं लाकडी पिंप. (म्हणजे आजींचा उच्चार मुळाला आमच्यापेक्षा जवळचा!) १२ मे १५८८ रोजी राजा तिसरा हेन्री याने पॅरिस शहरात फौज आणली. चिडलेल्या रहिवाशांनी पिंपं रस्त्यावर आणून त्यांत दगडमाती भरली आणि गल्ल्या अडवल्या. दुसऱ्या दिवशी राजालाच शहर सोडून पळावं लागलं. पुढे १८३० आणि १८४८ सालीही पॅरिसमध्ये राजे गेले ते अशाच अडथळ्यांमागच्या लोकांमुळे. सामान काय, तर उलटवलेल्या गाड्या, रस्त्याचे दगड, घरातलं लाकूडफाटं. १८७१ च्या उठावात तर बायकाही बॅरिकेडवर उभ्या राहिल्या. लुईझ मिशेल ही शिक्षिका त्यांतलीच. तिला पुढे दूरच्या बेटावर हद्दपार केलं.

म्हणजे बॅरिकेड मुळात लोकांचं. फौजेला अडवण्यासाठी घाईघाईत उभं केलेलं. आज ते सरकारच्या गोदामातून येतं आणि लोकांना अडवतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांसमोर सिमेंटचे ठोकळे मांडले, रस्त्यात खिळे ठोकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर पुन्हा तेच ठोकळे. वारीत, गणपतीच्या गर्दीत बॅरिकेड लागतं, त्यानं चेंगराचेंगरी टळते, त्याला कुणाची ना नाही. पण गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला आणि अंगावर चालून आलेल्याला एकच कुंपण कसं चालेल?

आता आपल्या शब्दाकडे बघा. 'मोर्चा' हा फारसीतून आलेला लष्करी शब्द. वेढा घालताना सैन्य आडोशासाठी मातीचा बांध, खंदक करी, तोफा मांडी, तो मोर्चा. निवडणूक आली की पेपरात 'मोर्चेबांधणी' छापून येते, ती त्यातलीच. हिंदीत अजूनही मोर्चा म्हणजे लढाईची आघाडी. मराठीत मात्र तो फौजेकडून सुटून रस्त्यावरच्या माणसांकडे आला. १९७० च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन निघाल्या, तोही मोर्चाच. दोन शब्दांनी जागा बदलल्या. लोकांचं होतं ते पोलिसांकडे गेलं, फौजेचं होतं ते आपल्याकडे आलं. आपल्या वाट्याला आलेला शब्द चालता आहे, याचं मला बरं वाटतं.

त्या दिवशी पाचजणींनाच आत सोडलं. कळशी बाहेर ठेवा म्हणाले, आजींनी ठेवली नाही. साहेबांनी निवेदन घेतलं, टँकर एक दिवसाआड झाला. यंदा मार्चातच विहिरीनं तळ गाठला, म्हणून निवेदन पुन्हा लिहायला घेतलंय.