न प्यायलेला दिवस

"प्यायला नाही म्हणून बक्षीस? मग मी तर जन्मात थेंब घेतला नाही, मला किती द्याल?"

इथे इंदूरला मी ज्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, तिथल्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असं विचारलं. सगळे हसले, मीही हसले. ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही हेच वाटलं होतं.

पद्धत अमेरिकेतली. १९९० च्या सुमारास व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी ती वापरली. आठवड्यातून काही वेळा लघवीची तपासणी करायची. नमुना साफ निघाला की लगेच कूपन. पुढचाही साफ निघाला तर कूपनाची किंमत वाढते. मध्येच नशा केली तर रागवायचं नाही, केंद्रातून काढायचं नाही. किंमत फक्त पुन्हा पहिल्या पायरीवर येते. पुढे नॅन्सी पेट्री यांनी खर्च कमी व्हावा म्हणून चिठ्ठ्यांचं भांडं आणलं. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाबास', बाकी बहुतेकांवर लहानसहान वस्तू, एखादीवर मोठं बक्षीस.

कोकेन, मेथ यांसारख्या उत्तेजक नशा सोडवायला तिथेही मान्यताप्राप्त औषध नाही. त्यांच्यावर ही पद्धत सगळ्यांत गुणकारी ठरली. तरीही ती दवाखान्यांत रुजायला फार वर्षं गेली. रुग्णांना पैशांचं आमिष दाखवू नये म्हणून तिथे कायदे आहेत. त्यांच्या धाकाने केंद्रं बिचकत राहिली. सरकारी अनुदानातून एका रुग्णामागे वर्षाला ७५ डॉलरच देता येत, आणि गुण दिसला होता तो त्याहून बऱ्याच मोठ्या रकमांना. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये सरकारी आरोग्य योजनेतून ही पद्धत सुरू केली, तेव्हा वर्षाला ५९९ डॉलरपर्यंत मुभा दिली.

आमच्या अडचणी आणखी निराळ्या. आमचे बहुतेक रुग्ण दारूचे. श्वासातली दारू काही तासांत नाहीशी होते, म्हणजे तपासणी वरचेवर हवी. त्याला माणसं कुठून आणायची? बक्षिसांचे पैसे कोण देणार? आणि बक्षीस थांबल्यावर काय? ही शंका खरी आहे. नंतर परिणाम ओसरू लागतो. म्हणून बक्षीस एकटं पुरत नाही. त्या काही महिन्यांत समुपदेशन, काम, घरची घडी बसवावी लागते.

पण सगळ्यांत चिवट अडचण त्या हसण्यात आहे. चांगलं वागणं हे कर्तव्य, त्याची किंमत कसली, असं आपल्याला वाटतं. नशा मात्र उधारी ठेवत नाही. सुख त्याच क्षणी हातावर ठेवते. आपण म्हणतो, "सुटलास तर संसार सावरेल." ते बक्षीस वर्षभराने मिळणार. आज मंगळवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या हातात काय?

हे मला कळायला उशीर झाला. माझा काका प्यायचा. तो पिऊन आलेल्या रात्री घरात सगळ्यांना तारखेनिशी पाठ होत्या. न प्यायलेला दिवस कुणीच मोजत नसे. एकदा तो जेवताना म्हणाला, "आज नववा दिवस." कुणीतरी म्हणालं, "बघू किती टिकतंय." मीही ताटातून मान वर केली नाही. बक्षिसाने काका वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा नववा दिवस कुणी तरी मोजायला हवा होता.

तुमच्या घरात कुणी सोडायचा प्रयत्न करत असेल, तर आधी डॉक्टरांना गाठा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. आणि न प्यायलेला दिवस दिसला, तर त्याच दिवशी तसं बोलून दाखवा. त्याच्या आवडीचं काही करा. रोख पैसे मात्र हातात देऊ नका.

बैठकीत निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीला मी लोणच्याची एक रिकामी बरणी घेऊन जाणार आहे. निम्म्या चिठ्ठ्यांवर 'शाबास' लिहून झालंय.