तिन्हीसांजेला मूल ठेचकाळते का?



पालाश कमी पडलेल्या कपाशीवर पानांचे रोग लवकर येतात, हे तुम्ही पाहिले असेल. रोगाचे बी वाऱ्याबरोबर साऱ्या शिवारात फिरते. जोमदार झाड तग धरते, उपाशी झाड बळी पडते. मुलांचेही तसेच आहे.

तीन-चार वर्षांचे पोर दिवसभर हुंदडते, पण दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचकाळते, ताटातली भाकरी चाचपडते. त्याला दृष्ट लागली असे समजू नका. हा रातांधळेपणा, म्हणजे अ जीवनसत्त्व कमी पडल्याची खूण. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे डाग दिसतात. तरीही दुर्लक्ष केले तर बुबुळ नासून दृष्टी कायमची जाते.

नुकसान डोळ्यांपुरतेच नाही. श्वासनलिका व आतडी यांचे आतले अस्तर शाबूत ठेवणे आणि रोगाशी झुंजणे, ही कामेही याच जीवनसत्त्वाच्या बळावर चालतात. इंडोनेशियात डॉ. आल्फ्रेड सॉमर यांना जे आढळले ते १९८३ साली प्रसिद्ध झाले: डोळ्यांची सौम्य लक्षणे असलेली मुले इतरांच्या सुमारे चौपट प्रमाणात दगावत होती. गोवर आणि हगवण अशा मुलांना फार जड जातात. शिवाय गोवर अंगातला उरलासुरला साठाही संपवतो.

उपाय आपल्या परसातच आहे. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, मेथी, चाकवत. तसेच पिकली पपई, आंबा, गाजर, लाल भोपळा. शेवग्याची एक फांदी पावसाळ्याच्या तोंडी लावली तर घराला वर्षानुवर्षे पाला मिळतो. हे जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर अंगी लागते. म्हणून भाजीला थोडी तेलाची फोडणी हवीच. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध टाकू नका, त्यात ते भरपूर असते.

अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर द्यावा; दुसरा दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षे पुरी होईपर्यंत. तो आरोग्यसेविकेकडूनच घ्यावा. आपल्या मनाने जादा दिल्यास अपाय होतो.

आणि मूल संध्याकाळी चाचपडत असेल, तर पाल्यावर भरवसा ठेवून थांबू नका. दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पिकाला चुकलेली मात्रा पुढच्या हंगामात देता येते. गेलेली दृष्टी परत आणता येत नाही.