चाक हाताने हलवून पाहा

पाऊस ओसरून रस्ते कोरडे झाले की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: स्टेअरिंग थरथरते. चार महिने खड्ड्यांतून गाडी हळू चालवलेली असते. वेग वाढला की त्या खड्ड्यांनी काय करून ठेवले ते हातांना कळते. बहुतेक मालक टायरच्या दुकानात जाऊन बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट उरकून घेतात. पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. पण काही गाड्यांची थरथर महिनाभरात परत येते आणि टायरची एकच कड झिजू लागते. तेव्हा टायरच्या मागे पाहायला हवे.

स्टेअरिंग फिरवले की त्याच्या दांड्याच्या तळाशी असलेले लहान दातेरी चक्र एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते. पट्टीच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि तेच पुढची चाके ओढतात, ढकलतात. खड्ड्यात चाक खाली-वर होत असतानाही वळण नेमके मिळायला हवे, म्हणून टाय रॉडच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा गोळी-वाटीचा सांधा असतो. वाटीत ग्रीस भरलेले असते आणि वरून रबरी बूट चढवलेला असतो. हा बूट फाटला की सांध्याचे दिवस भरले. पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते, आणि कण-कण घासत वाटी मोठी होत जाते. गोळी वाटीतून निसटली, तर ते चाक स्टेअरिंगचे ऐकणे बंद करते. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

मात्र थरथर दिसली की टाय रॉड बदला, असे आम्ही म्हणणार नाही. ताशी 80-90 किलोमीटरला सुरू होऊन पुढे-मागे नाहीशी होणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर आधी ब्रेकच्या डिस्ककडे बोट दाखवते. सैल टाय रॉडची लक्षणे वेगळी: स्टेअरिंग थोडे फिरवूनही गाडी लगेच वळत नाही, सरळ रस्त्यावरही ती सारखी सांभाळावी लागते, खड्ड्यात ‘टक्’ असा आवाज येतो. खात्री करायला यंत्र लागत नाही. पुढचे चाक जमिनीपासून उचलावे आणि घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून ढकलावे-ओढावे, मग बारा आणि सहाच्या जागी. फक्त आडवे हलले तर संशय टाय रॉडवर. उभेही हलत असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट तपासायला हवा. आडवे हलताना दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवले, तर सैलपणा नेमका कुठे आहे ते बोटालाच कळते.

आमच्या घरची बारा वर्षांची लहान मोटार अशीच डुलू लागली होती. दोनदा बॅलन्सिंग झाले, एके ठिकाणी पुढचे दोन्ही टायर बदलायचा सल्ला मिळाला. अखेर एका रविवारी डावे चाक उतरवले. बुटाला नखाएवढी चीर होती आणि तिच्यातून ग्रीसऐवजी तांबूस चिखल बाहेर येऊन वाळला होता. सांधा बोटांनी हलवला तर आटे गेलेल्या बरणीच्या झाकणासारखा खुळखुळत होता. टायर बदलून काहीही झाले नसते.

ही चीर दुसऱ्या कोणी पाहिली असती का? आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. तोवर तिचा धूर पीयूसीसाठी वर्षाला किंवा सहा महिन्यांनी तपासला जातो, पण स्टेअरिंगला हात लावून पाहण्याची सक्ती कोणावरही नाही. टॅक्सी-ट्रकसारख्या वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये तीन वर्षे पूर्ण झालेली खासगी मोटारही दरवर्षी एमओटी तपासणीला न्यावी लागते आणि त्यात स्टेअरिंगचे सांधे पाहिले जातात. ही पद्धत तिथे 1960 मध्ये सुरू झाली. आपल्याकडेही आठ-दहा वर्षांच्या खासगी गाड्यांना अशी तपासणी हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती येईपर्यंत हे काम मालकाचेच.

टाय रॉडचे बाहेरचे टोक घरी बदलता येते. लहान मोटारीसाठी ते काही शे रुपयांना मिळते, पण घ्यावे खात्रीच्या दुकानातून. जिवाशी गाठ असलेला भाग स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना दगड लावलेले हवेत, आणि गाडी स्टँडवर टेकवलेली हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही, एका मिनिटासाठीही नाही. गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्रीच तेल सोडावे. खरी अडचण येते ती सांधा सुटताना. तो निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो. घाईने बोल्टच्या टोकावर हातोडा घातला की आटे बिघडतात. नट दोन-तीन आट्यांवर ठेवून पुलर लावावा, किंवा ज्या कडीत सांधा बसतो त्या कडीच्या बाजूवर ठोका द्यावा. जुने टोक काढताना किती फेरे फिरले ते मोजून कागदावर लिहावे आणि नवे तेवढ्याच फेऱ्यांवर बसवावे. नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळायचा, मागे सोडायचा नाही. पिन नवीच घालायची. चेक नट आवळायला विसरू नये.

फेरे कितीही काळजीने मोजले तरी चाकांचा कोन डोळ्यांनी जुळत नाही, म्हणून त्याच दिवशी हळू चालवत अलाइनमेंटला जावे. टाय रॉडचे आतले टोक झिजले असेल तर त्याला खास पाना लागतो. ते काम, किंवा आटे खराब झालेली दांडी, मिस्त्रीकडेच द्यावी. त्यात कमीपणा नाही.

आमच्या गाडीचे डावे टोक बदलल्यावर डुलणे बरेच कमी झाले, पण पुरते गेले नाही. उजवा सांधाही तितकेच किलोमीटर धावलेला होता. पुढच्या रविवारी तोही काढला, आणि अलाइनमेंट पुन्हा करून घेतले.