पावसाने सरकारी कार्यक्रम पुढे जातो, पथारीवाल्याचा हप्ता नाही

पावसाने धंदा बुडाला की आपण आभाळाकडे बोट दाखवतो. निसर्गापुढे कुणाचं चालतं, म्हणून मोकळे होतो. हे आता बंद करा. पाऊस आभाळातून पडतो हे खरं, पण त्याचा भुर्दंड कुणी भरायचा हे खाली ठरतं. महापालिकेत ठरतं, मंत्रालयात ठरतं, बँकेत ठरतं. आणि दरवेळी तो त्याच लोकांच्या माथी मारला जातो: पथारीवाला, टपरीवाला, दहा बाय दहाच्या गाळ्यातला दुकानदार.

सासवडमध्ये बसून बुधवार पेठेची उठाठेव कशाला, असं कुणीतरी विचारणारच. आपल्याकडच्या दुकानांत वह्या-पुस्तकं येतात ती आप्पा बळवंत चौकातून. वायरी, बटणं, बल्ब येतात ते तपकीर गल्लीतून. डिप्लोमा करत होतो तेव्हापासून त्या पेठेत जातोय. तिथला बाजार बसला की चार दिवसांनी आपल्याकडची उधारी आवळली जाते, हे इथल्या दुकानदारांना सांगायला नको.

पेठेचं वर्ष तीन हंगामांवर चालतं. जूनमध्ये शाळा, मग गणपती, मग दिवाळी. यातले पहिले दोन भर पावसात. वह्यांचा गठ्ठा एकदा भिजला की तो रद्दीत जातो, वाळवून विकता येत नाही. तुळशीबागेत ताडपत्रीखाली मांडलेल्या मालाला पाण्याची झड लागली की निम्म्या भावाने काढावा लागतो. माल भिजला नाही तरी गिऱ्हाईक येत नाहीच. गणपतीच्या आदल्या रविवारची विक्री पुढच्या बुधवारी होत नसते. गेला तो दिवस गेला.

आता सप्टेंबर २०२४ आठवा. २५ तारखेला पुण्यात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान येणार होते, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोच्या उद्घाटनाला. ही मेट्रो याच पेठांच्या पोटातून जाते. सभेच्या मैदानावर चिखल झाला, दौरा रद्द झाला आणि २९ तारखेला दूरदृश्य पद्धतीने उद्घाटन उरकलं. त्यात काही चूक नाही. पाऊस होता, कार्यक्रम पुढे ढकलला. मी एवढंच विचारतो, त्याच पावसात ज्याची पथारी लागली नाही, त्याचं काय पुढे ढकललं? रोजाचा हप्ता? पिग्मीवाल्याची फेरी? महापालिका पथारीचं शुल्क दिवसाच्या दराने धरते, त्या दिवसाचं शुल्क माफ केलं?

घरी बसायचं म्हटलं तर हप्ता थकतो. बाहेर पडावं तर जिवाशी गाठ. २५ जुलै २०२४ ची पहाट विसरू नका. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाणी चढत होतं, गाडी वाचवायला गेलेले तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. अंडाभुर्जीची गाडी होती. हातगाडीसाठी कुणी जीव धोक्यात घालतं का, असं विचारणाऱ्याने आधी हे विचारावं की ती गाडी वाहून गेली असती तर दुसरी कुणी दिली असती.

बरं, धंदा आधीच कुठे धड होता? २०१६ ला नोटबंदी, २०१७ ला जीएसटी, २०२० ला टाळेबंदी. वर ऑनलाइन सवलतींचा मारा. २०२३ मध्ये सरकारने पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली, पोरांना वह्या कमी लागाव्यात म्हणून. दोन वर्षांनी तो निर्णय मागे घेतला. गेल्या वर्षी वह्यांवरचा जीएसटी शून्यावर आणला. चांगलंच केलं. पण लागू कधी? २२ सप्टेंबरला! शाळा उघडते जूनमध्ये. आधीच्या दराने भरलेला माल दुकानदाराच्या फळीवर तसाच. धंद्याचं वर्ष कसं चालतं हे ठरवणाऱ्यांना माहीत नसलं की असंच होतं.

सरकारकडे उत्तर एकच, कर्ज घ्या. स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, आता १५ हजार केलंय. कर्ज वाईट नाही. पण बुडालेल्या दिवसाची भरपाई कर्जाने होत नाही. ते त्याच माणसाने, त्याच पावसात फेडायचं असतं.

यावर म्हणतात, बुडालेली कमाई मोजणार कशी? अहो, मोजली आहे की! टाळेबंदीत याच राज्य सरकारने देहविक्री करणाऱ्या बायकांना ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० असे तीन महिने दरमहा पाच हजारांची मदत जाहीर केली. बुधवार पेठेतल्या ज्या बायकांचं नाव घ्यायला शहर लाजतं, त्यांचीसुद्धा बुडालेली कमाई सरकारने मान्य केली. एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार जाहीर झाले. त्याच वर्षीच्या महापुरानंतर दुकानदारांना ५० हजारांपर्यंत, टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत ठरली. पण त्यासाठी दुकानात पाणी शिरावं लागतं. गिऱ्हाईकाअभावी बुडालेल्या दुकानाचा पंचनामा होत नाही.

फेरीवाल्यांनी रस्ते अडवलेत, त्यांचा कळवळा कशाला, असंही कुणी म्हणेल. २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. सर्वेक्षण, प्रमाणपत्र, जागा, सगळं त्यात आहे. मी प्रमाणपत्रधारकांबद्दलच बोलतोय. यादी महापालिकेकडे आहे. शुल्क वसूल करताना ती बरोबर सापडते.

म्हणून तीन मागण्या, साध्या.

एक. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल आणि प्रशासन स्वतःच घराबाहेर पडू नका म्हणत असेल, त्या दिवसाचं पथारी शुल्क आपोआप माफ. अर्ज नको, हेलपाटे नकोत. शाळेला सुट्टी ज्या आदेशाने मिळते, त्याच आदेशात दोन ओळी वाढवा.

दोन. त्या दिवसाचा स्वनिधीचा हप्ता दंड न लावता पुढे ढकला.

तीन. पेठांतली गटारं आणि पावसाळी चेंबर एप्रिलअखेर साफ झालीच पाहिजेत. मे संपेपर्यंत कामं रेंगाळवायचे दिवस गेले. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच पुण्यात आला, त्याआधी वळवानेही झोडपलं. जमिनीखाली काय आहे तेही एकदा नीट तपासा. सप्टेंबर २०२४ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचाच ट्रक जमिनीत गडप झाला होता.

मार्च २०२२ पासून पुण्यात प्रशासक होता, विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. आता नगरसेवक निवडून आलेत. ज्यांचे पाहुणे-सोयरे पेठांत मतदार आहेत, त्यांनी ही पोस्ट त्यांना पाठवा. त्यांनी ती आपापल्या नगरसेवकाला पाठवावी आणि तिन्हीपैकी कोणती मागणी सभागृहात मांडणार, ते लेखी विचारावं.

आणि आपल्याकडच्या आठवडे बाजारात पावसाने पाल उडालं तरी बाजारकराची पावती फाटते का, हे मी येत्या बाजारी विचारणार आहे. ज्यांच्याकडे अशा पावत्या असतील त्यांनी जपून ठेवा. त्या तारखा मला कळवा.