टीव्हीवरचा न्यायाधीश आणि मतपेटी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे अशी तुमची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण टीव्हीवर दिसणारा माणूस निवडणुकीला उभा राहिला की पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "ह्याला आपण रोज बघतो की! माणूस चांगला आहे." त्या वाक्यावर आज चार शब्द लिहितो. उदाहरण दूरचे, अमेरिकेतले आहे.

टेनेसी राज्यात मेम्फिस हे शहर आहे. शेल्बी काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात. तिथले जो ब्राउन हे आधी खरेखुरे फौजदारी न्यायाधीश. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने चोराच्या घरी जाऊन एखादी वस्तू उचलून आणावी, अशा त्यांच्या शिक्षांची देशभर चर्चा झाली. पुढे १९९८ साली त्यांच्याच नावाचा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला आणि २०१३ पर्यंत चालला.

आता हे टीव्हीचे कोर्ट कसे असते ते पाहा. भांडण खरे, भांडणारेही खरे. पण दोघांनी आधीच सही करून लवाद मान्य केलेला असतो, आणि निकालाची रक्कम कार्यक्रमवाले भरतात. हरणाऱ्याच्या खिशाला तोशीस नाही, वसुलीची कटकट नाही. न्यायाधीश मोठ्याने बोलला की समोरचा गप्प. बघणाऱ्याला वाटतं, काय करारी माणूस आहे हो!

२०१४ साली ब्राउन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे शेल्बी काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाच्या पदासाठी उभे राहिले. आपल्याकडे सरकारी वकील शासन नेमते, तिथे तो लोक निवडून देतात. कोणावर खटला भरायचा, कोणता सोडायचा, पुरावा टिकेल का, साक्षीदार उभा राहील का, हे त्याचे काम. अर्ध्या तासात संपणारे नव्हे.

त्याच वर्षी मार्चमध्ये ते बालन्यायालयात एका बाईंचे वकील म्हणून उभे राहिले. तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांशी त्यांचा खटका उडाला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद झाली. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. पदावर असलेल्या एमी वाइरिक यांना सुमारे ६५ टक्के मते पडली, ब्राउन हरले. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, त्यांनी ते पाच दिवस तुरुंगात काढले. पंधरा वर्षांची प्रसिद्धी त्यांना त्यांच्याच गावात तारू शकली नाही.

टीव्हीवरच्या माणसाने निवडणुकीला उभे राहूच नये, असे माझे म्हणणे नाही. ब्राउन तर कायदा शिकलेले, खऱ्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ. म्हणणे एवढेच की, पडद्यावर दिसतो तो माणसाचा एक भाग, आणि तोही त्याच्या सोयीने मांडलेला. रस्त्यावरून उंच, हिरवागार दिसणारा ऊस नुसता बघून आपण तोड देतो का? फडात शिरून, चार ठिकाणचा रस काढून ब्रिक्स बघतो, मगच तोड धरतो. मताला तेवढी तरी तपासणी नको?

उमेदवार कोणीही असो, तीन गोष्टी विचाराव्यात. या पदाचे रोजचे काम काय? तसले काम याने पूर्वी कुठे केले? आणि खुर्ची दुसऱ्याची असेल, निकाल आपल्याविरुद्ध जात असेल, तेव्हा हा कसा वागतो? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्याला गप्प बसवणारे पुष्कळ असतात, वेळ आली तर स्वतः ऐकून घेणारा शोधावा लागतो.

मत एकदा पेटीत गेलं की पाच वर्षे परत मागता येत नाही. तेव्हा ओळखीचा चेहरा पाहून घाई करू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी