घाटातलं घड्याळ कुणाच्या हातात?

जुन्नर-आंबेगाव : बैलगाडा शर्यतीचा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला. कोर्टातलं भांडण मिटलं, घड्याळाचं राहिलं. आपल्याकडं घाटात गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. एकेक बारी सेकंदावर मोजली जाते. निशाण पडलं की बटण दाबायचं. बोट जरा उशिरा पडलं की नंबर गेला! त्यात घड्याळवाला गावचाच अन् गाडा भावकीचा असला, वर माइकवरून त्याच गाड्याचं कौतुक चाललं, तर बाकीचे गाडामालक खरी वेळसुद्धा मानत नाहीत.

बास्केटबॉलमध्येही गुण लिहिणारे, वेळ लावणारे टेबलावर बसतात. त्यांच्यात मतभेद झाला तर शेवटचा शब्द मुख्य पंचाचा. टेबलावरून कुणाची बाजू घेऊन ओरडणाऱ्याला पंच आधी समज देतो, नाही ऐकलं तर बदलून मागतो. घाटात हा पंच कोण? यात्रा कमिटी. पण कमिटीतल्याच कुणाचा गाडा पळत असला तर?

सेन्सरच्या घड्याळानं बोटाचा प्रश्न मिटतो, माइकचा नाही. घड्याळावर बाहेरगावचा माणूस, पडताळणीला दुसरं घड्याळ, आणि वेळ आधी वहीत, मग माइकवर. एवढं पहिल्या बारीआधी ठरवायला कमिटीला एक बैठक पुरते.