गिरवून घेण्याआधी

‘मोठा शिशू संपत आला, तरी आमच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे लिहिता येत नाहीत, शाळेत नुसतं पाणी आणि माती खेळवतात.’ पालकसभेत ही तक्रार हमखास येते. पहिलीत मूल मागे पडेल, ही भीती तिच्या मुळाशी असते. भीती खरी आहे, पण तिच्यावर शोधलेला उपाय चुकीचा आहे.

मुलं पाण्यात काय करतात ते आधी नीट पाहू. घमेल्यात पाणी, भोवती पाच-सहा मुलं. ताई एकेक वस्तू हातात देतात आणि टाकायच्या आधी विचारतात, ‘बुडेल की तरंगेल?’ खडा बुडतो, वाळलेलं पान तरंगतं. ‘जड असलं की बुडतं,’ मुलं ठामपणे सांगतात. मग ताई छोटं कलिंगड आणतात. ते दोन्ही हातांनी उचलावं लागतं, म्हणून सगळे ओरडतात, ‘बुडणार!’ कलिंगड तरंगतं. गोंधळ उडतो. पुढे स्टीलचा चमचा बुडतो आणि त्याच स्टीलची वाटी तरंगत राहते. एखादी मुलगी वाटी बोटाने दाबते, काठावरून पाणी आत शिरतं, वाटी तळाशी जाते. ती वाटी बाहेर काढते, रिकामी करते, पुन्हा दाबून बघते.

एवढ्याशा मुलांना विज्ञान काय कळणार, असं विचारणाऱ्यांनी ही मुलगी पाहावी. आर्किमिडीजचं तत्त्व तिला समजणार नाही, हे मान्य. पण तिने अंदाज बांधला, तो फसलेला पाहिला, कारण शोधलं आणि ते पुन्हा तपासलं. दहावीपर्यंत प्रयोगवहीत निष्कर्ष उतरवून घेणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना एवढी संधी मिळत नाही.

आता लिहिण्याचं. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात. ती एकेक करून पक्की व्हायला जवळपास बारावं वर्ष उजाडतं. बोटांच्या बारीक हालचालींवर ताबाही हळूहळूच येतो. कणीक मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, भेंडीचे ठसे उमटवणं ही लिहिण्याचीच तयारी आहे. ती टाळून तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल दिली, तर ते घट्ट पकडून, खांदा उचलून ओढत राहतं आणि थोड्याच दिवसांत वहीला कंटाळतं.

‘हे सगळं महागड्या शाळांना परवडतं’ हाही आक्षेप इतिहासाला धरून नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. पानं, बिया, शिंपले, खडे हीच तिथली साधनं होती. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम वाढलं. आज एका ताईकडे तीस-चाळीस मुलं असतात, ही अडचण मात्र खरी आहे. पण एवढ्या मुलांचा हात धरून अक्षरं गिरवून घेणं त्याहून अवघड. गट पाडून एकाला पाणी, दुसऱ्याला माती देणं तिथे जास्त जमतं.

एक गोष्ट मात्र ‘कृतियुक्त’ म्हणवणाऱ्या शाळांनाही ऐकवली पाहिजे. बाईंनी कापलेल्या सूर्याला मुलांनी पिवळा कागद चिकटवायचा आणि तीसच्या तीस सूर्य एकसारखे दिसले की फोटो पालकांच्या ग्रुपवर, ही कृती मुलाची नव्हे. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून बाईंनी ज्वालामुखी उसळवला, मुलांनी लांबून टाळ्या वाजवल्या, तर तो प्रयोगही बाईंचाच. मुलाचा सूर्य वाकडा असेल, कदाचित हिरवाही असेल. तो तसाच भिंतीवर लागला पाहिजे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळ व कृती यांतूनच शिकवायला सांगितलं. तरीही गिरवायच्या वह्यांची मागणी होत राहते, ती बहुतेक वेळा घरातून. म्हणून पालकांना विनंती: प्रवेश घेताना भरलेल्या वह्या मागू नका. मुलं आठवड्यातून किती वेळ पाण्याशी, मातीशी, बियांशी स्वतःच्या हातांनी काम करतात, ते विचारा, आणि एक दिवस वर्गात बसून पाहू द्या म्हणा.